सतरा वेळा चॅम्पियन म्हणजे सगळ्यात मोठा का? टायटलच्या आकड्याला किती किंमत द्यायची?

रिंगसाईड_राजा

मंडळी, एक विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढतोय. एप्रिल २०२५ ला लास वेगासमध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन रेसलिंग कंपनीच्या रेसलमेनिया ४१ च्या मेन इव्हेंटला जॉन सिनाने कोडी ऱ्होड्सला हरवलं आणि सतरावं वर्ल्ड टायटल घेतलं, रिक फ्लेअरचा सोळाचा आकडा मागे पडला. तेव्हापासून आमच्या मित्रांच्या ग्रुपवर जो वाद पेटलाय तो अजून विझलेला नाही. एकजण म्हणतो सतरा म्हणजे सतरा, विषय संपला. दुसरा म्हणतो ब्रुनो सॅमार्टिनो फक्त दोनदा चॅम्पियन झाला पण त्याच्यापुढे सगळे फिके. तिसरा रोमन रेन्सवाला, त्याचं सलग १३१६ दिवस चॅम्पियन राहिल्याचं पालुपद कुठल्याही विषयात सुरू होतं.

मला खरंच समजून घ्यायचंय. हा आकडा मोजतं कोण आणि कसा? निकाल आधीच ठरलेला असतो तर जास्त वेळा जिंकण्याला नेमका अर्थ काय? आणि जे एकाच वेळी दोन-दोन तीन-तीन बेल्ट (टायटलचे पट्टे) खांद्यावर टाकून फिरतात त्याने त्या रेसलरचं भलं होतं की बेल्टचं वाटोळं होतं? जुन्या जाणत्यांनी जरा सविस्तर लिहा, घाई नाही.

---

जुना_प्रेक्षक

राजा, चांगला विषय काढलास. आधी फ्लेअरच्या सोळाचंच बघू, कारण खरा घोळ तिथेच आहे.

सोळा हा डब्ल्यूडब्ल्यूईने मान्य केलेला आकडा. एनडब्ल्यूएचं टायटल आठ वेळा, डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीचं सहा वेळा आणि डब्ल्यूडब्ल्यूएफचं (म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचंच जुनं नाव) दोन वेळा. पण एनडब्ल्यूए ही आजच्यासारखी एक कंपनी नव्हती, वेगवेगळ्या भागांतल्या प्रमोटर लोकांनी मिळून केलेली ती संघटना होती. प्रत्येकाचा आपापला इलाखा, आपापले हिरो, आणि वर्ल्ड चॅम्पियन मात्र सगळ्यांचा मिळून एकच. तो चॅम्पियन वर्षभर बॅग घेऊन फिरायचा, आज या गावात तर उद्या त्या गावात, आणि प्रत्येक ठिकाणच्या हिरोला "अरे थोडक्यात हुकलं याचं" असं लोकांना वाटेल इतकं चांगलं दाखवून पुढच्या गावाला जायचा. साठ साठ मिनिटं मॅच खेळून ड्रॉ करायचा. फ्लेअर या कामात जबरदस्त होता म्हणून टायटल पुन्हा पुन्हा त्याच्याकडे आलं.

आता या भटकंतीत काय व्हायचं, कधी कधी दूरच्या दौऱ्यावर टायटल तात्पुरतं हातातून जायचं आणि घरी परतायच्या आत परत मिळायचं. मार्च १९८४ ला न्यूझीलंडमध्ये हार्ली रेसने फ्लेअरला हरवलं आणि दोन-तीन दिवसांत फ्लेअरने सिंगापूरला टायटल परत घेतलं, अमेरिकेतल्या लोकांना त्याचा पत्ताही नव्हता आणि बरीच वर्षं कोणी ते धरलंही नाही. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जॅक वेनेनो, पोर्टो रिकोमध्ये कार्लोस कोलोन, तिकडच्या पब्लिकने आपला माणूस वर्ल्ड चॅम्पियन झालेला डोळ्यांनी पाहिलाय पण अधिकृत यादीत ते नाही. हे सगळं धरलं तर फ्लेअर वीसच्याही वर जातो. म्हणजे "विक्रम मोडला" हे वाक्य कोणाची वही समोर ठेवून बोलतोय त्यावर आहे.

अजून एक गोष्ट, जी मला फार भारी वाटते. फ्लेअरने पहिलं वर्ल्ड टायटल १७ सप्टेंबर १९८१ ला कॅन्सस सिटीत घेतलं ते डस्टी ऱ्होड्सला हरवून. आणि सिनाने सतरावं घेतलं ते कोडीला हरवून, म्हणजे त्याच डस्टीच्या पोराला. एक आकडा बापापासून सुरू झाला आणि पोराच्या अंगावरून ओलांडला गेला. यावर त्या आठवड्यात म्हणावं तेवढं कोणी बोललं नाही याचं मला वाईट वाटलं.

---

तीनचा_काउंट

जुना_प्रेक्षक दादांनी छान लिहिलंय, त्यातच भर घालते. आकड्यावर काळाचा परिणाम इतका असतो की वेगवेगळ्या काळातले आकडे शेजारी शेजारी ठेवणंच मला पटत नाही.

सॅमार्टिनो १७ मे १९६३ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बडी रॉजर्सला ४८ सेकंदांत हरवून चॅम्पियन झाला आणि १८ जानेवारी १९७१ पर्यंत बेल्ट त्याच्याकडे, २८०३ दिवस. दुसऱ्यांदा १९७३ ते १९७७. त्या वेळचं गणितच वेगळं होतं. गार्डनमध्ये साधारण महिन्याला एक शो, लोक तिकीट काढायचे ते ब्रुनो जिंकताना बघायला, आणि दर वेळी नवा राक्षस समोर आणून उभा करायचे. चॅम्पियन बदलायचा नसायचा, चॅलेंजर बदलायचा. टीव्हीवर मोठ्या मॅचेस फुकट दाखवायचेच नाहीत मग टायटल दर महिन्याला हलवायची गरज कोणाला होती?

आणि म्हणूनच हरण्याला वजन होतं. आयव्हन कोलॉफने वरच्या दोरावरून गुडघा टाकून ब्रुनोला पिन केलं (खांदे टेकवून तीन मोजेपर्यंत धरलं) तेव्हा गार्डन इतकं गप्प झालं की आपले कान गेले की काय असं ब्रुनोला वाटलं, तो स्वतःच पुढे मुलाखतींमध्ये हे सांगायचा. लोक रडत होते. कोलॉफकडे बेल्ट राहिला तीन आठवडे, मग पेड्रो मोरालेस. कोलॉफसारख्याला ट्रान्झिशनल चॅम्पियन म्हणतात, एका हिरोकडून दुसऱ्या हिरोकडे बेल्ट पोचवणारा, कारण दोन लाडक्या माणसांना एकमेकांविरुद्ध लढवून पब्लिक दुभंगायचं नसायचं. यादीत त्याच्या नावापुढे फक्त १ लिहिलंय, पण त्या एका रात्रीइतका मोठा क्षण सतरा-सतरा वेळा जिंकलेल्यांच्या वाट्यालाही फार वेळा आलेला नाही.

नंतर दर महिन्याला पे-पर-व्ह्यू (पैसे भरून बघायचे मोठे शो) आले, आठवड्याला दोन शो टीव्हीवर आले, आणि सप्टेंबर २००२ पासून तर एकाच कंपनीत दोन वर्ल्ड टायटल. रॉ या शोवर एक, स्मॅकडाऊन या शोवर एक. दोन्ही बेल्ट डिसेंबर २०१३ ला एक होईपर्यंत संधी सरळ दुप्पट होत्या. सिनाच्या सतरात चौदा डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियनशिप आहेत आणि तीन त्या दुसऱ्या वर्ल्ड हेवीवेटच्या. ऑर्टन आणि ट्रिपल एचच्या चौदा-चौदातली बरीचशी टायटलही याच काळातली. याने त्यांची मेहनत कमी होत नाही, पण ब्रुनोच्या दोनशी तुलना करताना हे विसरून कसं चालेल?

शिवाय साधी गोष्ट, सतरा वेळा जिंकायला आधी सोळा वेळा टायटल हातातून जावं लागतं. ज्याचा आकडा मोठा तो जास्त वेळा हरलेलाही असतो, किंवा दुखापतीने बेल्ट सोडलेला असतो. रोमनचा आकडा त्या १३१६ दिवसांत फक्त एकाने वाढला, तोही लेस्नरकडून दुसरा बेल्ट घेतला म्हणून, कारण टायटल त्याच्या हातून गेलंच नाही.

---

दोन_बेल्टवाला

तिसऱ्या प्रश्नावर कोणी बोललं नाही अजून म्हणून मी लिहितो, माझा जीव की प्राण विषय आहे हा.

एकाच वेळी अनेक बेल्ट म्हटलं की पहिलं नाव अल्टिमो ड्रॅगन. १९९६ मध्ये त्याच्याकडे एकावेळी दहा टायटल होती. जपानमध्ये जे-क्राऊन म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची ज्युनिअर वजनगटातली आठ टायटल एकत्र केली होती, ती त्याने ग्रेट सासुकेकडून ऑक्टोबरमध्ये जिंकली, मिडलवेटचं एक जवळ होतंच, आणि डिसेंबरच्या शेवटी डब्ल्यूसीडब्ल्यूचं क्रूझरवेट घेतलं. मुखवटा घातलेला छोट्या चणीचा माणूस आणि अंगभर बेल्टच बेल्ट असा त्याचा फोटो आहे, तो एकदा बघितला की विसरत नाही. जवळजवळ तीस वर्षं कोणी तिथे पोचलं नाही, मग २०२५ मध्ये मर्सिडीज मोनेने देशोदेशीची टायटल गोळा करत करत दहाचा आकडा ओलांडला.

केनी ओमेगाने २०२१ मध्ये हेच केलं. एईडब्ल्यू, मेक्सिकोची एएए आणि इम्पॅक्ट, तीन कंपन्यांचे वर्ल्ड बेल्ट एकदम. आणि त्याचा उपयोग नीट केला गेला. ऑगस्ट २०२१ ला ख्रिश्चनकडून इम्पॅक्टचं गेलं, नोव्हेंबरला हँगमन पेजने एईडब्ल्यूचं घेतलं, एकेक करून साम्राज्य ढासळताना लोकांनी बघितलं. बेल्ट गोळा केले तर ते कोसळायची गोष्टपण सांगता आली पाहिजे असं माझं ठाम मत आहे, नाहीतर नुसतं ओझं.

एका माणसाला एका रात्रीत मॅच किती खेळता येणार? बेकी लिंचचं बघा. रेसलमेनिया ३५ ला बायकांनी पहिल्यांदा मेन इव्हेंट केला, बेकीने राऊझी आणि शार्लट दोघींना मागे टाकून दोन्ही ब्रँडचे (रॉ आणि स्मॅकडाऊन) बेल्ट घेतले, बेकी टू बेल्ट्स नाव पडलं, टीशर्ट आले, सगळं झकास. सहा आठवड्यांनी मनी इन द बँकला तिला एकाच शोमध्ये दोन डिफेन्स करायला लावले, पहिलं वाचवलं आणि लगेच पाठोपाठ शार्लट आली आणि स्मॅकडाऊनचं गेलं. आणि शार्लटकडूनही त्याच रात्री बेलीने कॅश-इन करून (कधीही टायटल मॅच मागायचा हक्क वापरून) घेतलं. म्हणजे दुसरा बेल्ट दीड महिनाभर फक्त फोटोत होता म्हणायचं.

कर्ट अँगलची तर कमाल. २००० साली युरोपियन आणि इंटरकॉन्टिनेन्टल दोन्ही त्याच्याकडे, रेसलमेनियाला तिघांची मॅच, दोन फॉल (प्रत्येक फॉलला एक बेल्ट), दोन्ही फॉलमध्ये पिन झाले ते बाकीचे दोघे एकमेकांकडून. अँगलला कोणी पिनच केलं नाही आणि त्याचे दोन्ही बेल्ट गेले! त्याचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

पण मला जी गोष्ट सांगायचीच आहे ती तेत्सुया नाइतोची. हे जरा लांबेल पण वाचा.

न्यू जपान या जपानी कंपनीत आयडब्ल्यूजीपी हेवीवेट हे तेव्हा सगळ्यात वरचं टायटल. त्याच्याखाली इंटरकॉन्टिनेन्टल, पांढऱ्या पट्ट्याचा बेल्ट. नाकामुराने तो इतका मोठा केला की ४ जानेवारी २०१४ च्या टोकियो डोम शोसाठी कंपनीने फॅन्सचं मत घेतलं, शेवटची मॅच कुठली ठेवायची. एकीकडे ओकादा विरुद्ध नाइतो, वरच्या टायटलसाठी, दुसरीकडे नाकामुरा विरुद्ध तानाहाशी त्या पांढऱ्या बेल्टसाठी. लोकांनी पांढऱ्या बेल्टला मत दिलं. नाइतो जी-वन स्पर्धा जिंकून आला होता, डोमचा मेन इव्हेंट हे त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न, आणि पब्लिकनेच ते काढून घेतलं. वर ओकादाकडून हरलाही. त्यानंतर तो मेक्सिकोत गेला आणि अगदी बदलून परत आला, बेफिकीर, बेल्ट हवेत भिरकावणारा, त्या पांढऱ्या बेल्टची तर त्याने आपटून आपटून दुर्दशा केली. तो राग कुठून आला होता ते बघणाऱ्याला बरोबर कळत होतं.

आणि मग जानेवारी २०२०. दोन रात्री टोकियो डोम. ४ तारखेला जे व्हाइटला हरवून तोच पांढरा बेल्ट, ५ तारखेला ओकादाला हरवून वरचा बेल्ट. दोन्ही एकत्र धरणारा पहिला माणूस. ज्या बेल्टमुळे त्याचा मेन इव्हेंट गेला आणि ज्या माणसाकडून तो त्या रात्री हरला, दोन्ही हिशोब चोवीस तासांत चुकते झाले. अख्खा डोम त्याच्यासोबत ओरडायला तयार उभा होता आणि ते होण्याआधीच केंटाने येऊन त्याला झोडपला, लोकांचा एवढा संताप झाला होता! इथे दोन बेल्ट म्हणजे दागिने नव्हते, दोन्हींची त्याच्याशी वेगवेगळी भानगड होती. डबल चॅम्पियन असा असावा.

दुःख एवढंच की पुढच्या वर्षी इबुशीकडे दोन्ही आले आणि मार्च २०२१ मध्ये कंपनीने ते एकत्र करून नवीनच बेल्ट काढला. पांढरा बेल्ट संपला. म्हणून राजा, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की रेसलरचं भलं होतं, बेल्टचं मात्र बरेचदा वाटोळंच होतं.

---

फ्रॉग_स्प्लॅश

+१ नाइतोसाठी. ती मॅच बघताना मी अक्षरशः उभा होतो.

जेरिको कोणीच काढला नाही? ९ डिसेंबर २००१, एका रात्रीत आधी रॉक मग ऑस्टिन, दोघांना हरवून पहिला अनडिस्प्युटेड चॅम्पियन (डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि डब्ल्यूसीडब्ल्यू दोन्हींची वर्ल्ड टायटल एकाकडे). आयुष्यभर तो हेच वाक्य सांगत आलाय आणि का नाही सांगणार. आणि आकड्यांचंच म्हणाल तर आर-ट्रुथ २४/७ टायटल पन्नासहून जास्त वेळा जिंकलाय, रेव्हन हार्डकोर टायटल २७ वेळा. ती टायटल कुठेही कधीही बदलायची, रेफरी दिसला की झालं. मला ट्रुथ मनापासून आवडतो, त्या बेल्टमध्ये त्याने जीव ओतला होता, पण ते पन्नास आणि सिनाचे सतरा एकाच तराजूत कोणी टाकत नाही ना. मग आकडा काय मोजतो हे आधी ठरवा.

---

रिंगसाईड_राजा

बाप रे, काय लिहिलंय सगळ्यांनी. नाइतोचं माहीतच नव्हतं, आजच शोधतो.

पण दुसरा प्रश्न अजून अडकलाय. निकाल ऑफिसमध्ये ठरतो, मग सतरा वेळा जिंकला म्हणजे सतरा वेळा कोणीतरी ठरवलं एवढंच ना? त्यात रेसलरचं कर्तृत्व कुठे मोजायचं?

---

तीनचा_काउंट

ठरवलं हे खरंय, पण का ठरवलं ते बघ की. टायटल ज्याच्याकडे त्याच्या तोंडावर शोची तिकिटं विकायची असतात, दर आठवड्याला माईक हातात घेऊन लोकांना धरून ठेवायचं असतं, टीव्ही नसलेल्या शोलासुद्धा शेवटची मॅच त्यालाच खेळायची असते, वर मुलाखती, जाहिराती, हॉस्पिटलमधल्या पोरांना भेटणं. हे न जमणाऱ्याला एकदा देऊन बघतात आणि परत देत नाहीत. कंपनी एखाद्याकडे पुन्हा पुन्हा वळते तेव्हा त्याचा अर्थ मागच्या वेळी त्याने काम चोख केलंय. सिनाचं कर्तृत्व मला तिथे दिसतं.

उलट बाजूही आहेच. फिन बॅलरने ऑगस्ट २०१६ ला पहिलं युनिव्हर्सल टायटल जिंकलं त्याच मॅचमध्ये त्याचा खांदा निखळला, तसाच मॅच पूर्ण केली आणि दुसऱ्या दिवशी बेल्ट परत करावा लागला. डॅनियल ब्रायन रेसलमेनिया ३० ला एका रात्रीत ट्रिपल एच आणि मग ऑर्टन-बतिस्ताला हरवून जिंकला, मानेच्या दुखण्याने दोन महिन्यांत टायटल गेलं. कोफी किंग्स्टन अकरा वर्षं वाट बघून एकदाच डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन झाला आणि ऑक्टोबर २०१९ ला लेस्नरने काही सेकंदांत उडवला, त्या रात्री मला भयंकर राग आला होता, आजही येतो. यांच्या यादीतला आकडा बघून त्यांच्याबद्दल काहीच कळणार नाही.

---

जुना_प्रेक्षक

राजा, अजून एक. बेल्ट कोणाच्या हातात देतोय याची भीती प्रमोटरला कायम असायची, कारण माणूस बेल्ट घेऊन पळाला तर? म्हणून एनडब्ल्यूए चॅम्पियनकडून पंचवीस हजार डॉलर डिपॉझिट घ्यायची. १९९१ मध्ये फ्लेअरचं डब्ल्यूसीडब्ल्यूशी फाटलं, डिपॉझिट परत मिळालं नाही, तर हा गडी तो मोठा सोन्याचा बेल्ट घेऊन सरळ डब्ल्यूडब्ल्यूएफच्या टीव्हीवर गेला आणि मीच खरा वर्ल्ड चॅम्पियन म्हणाला. मग कोर्टकचेरी झाली आणि पुढे टीव्हीवर त्याच्या हातातला बेल्ट धूसर करून दाखवायला लागले. निकाल ठरलेले असले तरी त्या पट्ट्यामागची माणसं, पैसा आणि विश्वास खरा असतो. जानेवारी १९९२ ला रॉयल रंबलमध्ये (तीस जण एकेक करून रिंगमध्ये येतात ती मॅच) तिसऱ्या नंबरवर येऊन तासभर टिकून त्याने डब्ल्यूडब्ल्यूएफचं रिकामं टायटल जिंकलं, ती एक मॅच मी कुठल्याही आकड्यापेक्षा वर ठेवतो.

---

यू_कान्ट_सी_मी

सिनावाला आहे, नावावरून कळलंच असेल, पण सतराव्यासाठी भांडायला आलो नाहीये. ती मॅच त्याच्या दर्जाची नव्हती आणि ऑगस्टमध्ये समरस्लॅमला कोडीने बेल्ट परत घेतला ती मॅच कितीतरी सरस होती.

मला सिनाचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते २०१५ चं यूएस टायटल, जे या सतरात धरतच नाहीत. रेसलमेनिया ३१ ला रुसेव्हकडून घेतलं आणि मग जवळजवळ दर आठवड्याला रॉवर ओपन चॅलेंज, मागे बसलेल्या कोणीही यावं. सामी झेन त्याच्या गावी मॉन्ट्रियलला आला, एन्ट्रीलाच खांदा गेला तरी मॅच पूर्ण केली, आणि मॅच संपल्यावर सिनाने रिंग त्याला सोपवली. दोन आठवड्यांनी केव्हिन ओवेन्स आला. मधल्या फळीतलं टायटल त्या काही महिन्यांत वर्ल्ड टायटलपेक्षा जास्त बघावंसं वाटत होतं आणि त्यातून नवी पोरं वर आली.

आणि इंटरकॉन्टिनेन्टल टायटल त्याच्या नावावर कधीच नव्हतं, माहितीये ना? रिटायर व्हायच्या महिनाभर आधी, १० नोव्हेंबर २०२५ ला बॉस्टनमध्ये डॉमिनिक मिस्टीरियोकडून घेतलं. १९ दिवसांनी सर्व्हायव्हर सिरीजला डॉमिनिकलाच परत दिलं. त्या बॉस्टनच्या रात्रीचा आवाज ऐक राजा, आणि झेनची मॅच आधी बघ, मग नाइतो. रंबल ९२ शेवटी ठेव, तिला सलग एक तास लागतो.